हिंटरएगचा भारा

हिंटरएग, लेर्खाउ
गुरुवार, १३ फेब्रुवारी २०२५

क्रेसेन्स,

मंगळवार, ११ फेब्रुवारी, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी तू माझ्या बाल्कनीखालच्या उतारावरून स्कीवर गेलीस आणि मान वर करून बघितलं नाहीस.

नाकारू नकोस. हेल्मेट, गॉगल आणि नाकापर्यंत ओढलेला मफलर यांनी तुझा दंतवैद्य नवरा फसेल, मी नाही. तीस वर्षं मी या दरीत लोकांना स्की शिकवलं आहे. चेहरे विसरते, वळणं विसरत नाही. डावीकडे वळताना बगलेत कोंबडी धरल्यासारखं कोपर बाहेर काढणारी बाई अख्ख्या टिरोलमध्ये एकच आहे आणि ते कोपर आत घे म्हणून मी तिला १९६९ पासून सांगते आहे.

वेळ स्वयंपाकघरातल्या घड्याळाची आहे. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर अडेलगुंडे काय म्हणायच्या ते तुलाही आठवत असेल. "मुलींनो, दिवस, तास आणि मिनिट लिहिलं तर ती तक्रार. नाही लिहिलं तर नुसती कुरकुर." तेव्हा ही तक्रार आहे.

मी पाहुण्यांची दुलई झटकत होते. ती हातातून सुटली आणि खाली बर्फात पडली. ती उचलायलाही न थांबता मी घरातल्या चपलांवर विन्त्सेन्झच्या दुकानात गेले. या गावात भाड्याने स्की घ्यायच्या तर त्याच्याकडूनच घ्याव्या लागतात.

"विन्त्सेन्झ, माझी बहीण येऊन गेली?"

"कुठली बहीण?"

"मला एकच आहे."

त्याने एका बुटाचा बंद तीनदा सोडून तीनदा बांधला. "बुर्गी, तिने सांगू नको म्हणून बजावलं होतं. आणि तू विचारलंस तर खोटंही बोलू नको म्हणून बजावलं होतं. आता मी काय करायचं, ते तूच सांग."

अशा रीतीने कळलं. चार रात्री. चर्चजवळच्या हॉटेलात. नवऱ्याचं आडनाव लावून. ज्या घरात जन्मलीस त्या घरापासून दोनशे पावलांवर तू पैसे मोजून झोपलीस, सकाळी बाहेरगावच्या लोकांबरोबर रांगेत उभी राहून उकडलेलं अंडं घेतलंस आणि एकोणीस वर्षांनी आलेली असून माझं दार वाजवलं नाहीस. हॉटेलवाल्याने तुला दरीचा नकाशा दिला, असंही कळलं. तुला! नकाशा!

डावा गुडघा मात्र चांगला वाकत होता. हे कौतुक नाही, निरीक्षण आहे.

लेखी खुलासा २८ फेब्रुवारीपर्यंत पोचावा. टेलिफोन चालणार नाही. टेलिफोनवर तू रडतेस आणि मग मी हरते.

तुझी, कागदोपत्री तरी, बहीण
नोटबुर्गा

&nbsp;

हिंटरएग, लेर्खाउ
राखेचा बुधवार, ५ मार्च २०२५

क्रेसेन्स,

पार्सल मिळालं. खोका उपडा करून झटकला, आतला भुसासुद्धा चाळून बघितला. भोपळ्याच्या बियांचं तेल, एक लिटर. पत्र नाही.

तेल म्हणजे खुलासा नव्हे.

तेल चांगलं आहे, काळंहिरवं. सॅलडवर घातलं तर वरच्या खोलीतल्या डच पाहुण्याने बाटली उजेडात धरून विचारलं, "हे स्की-लिफ्टच्या यंत्रासाठी आहे का?" मी म्हटलं, "हो, आणि उरलं की आम्ही पितो." त्या दिवसापासून तो ताटातलं सगळं मुकाट्याने खातो.

पण आज लिहायचं कारण वेगळं आहे. कार्निव्हलच्या रविवारी दुपारी एंगेलबर्ट आला. उंटरवाल्ड घराचा एंगेलबर्टच, दुसरा कोण. बहात्तर वर्षांचा झाला, गवतउतरण मंडळाचा अध्यक्ष आहे आणि त्या दिवशी तो अस्वल होता. मिरवणुकीतून तसाच आला. अंगावर मेंढ्यांची कातडी आणि अस्वलाचं डोकं काखेत.

"बुर्गी, मी मंडळाच्या कामाने आलोय."

"कामाने आलेल्या माणसाला शेपूट नसते. बाहेर पाय पूस."

त्याने पाय पुसले, बसला, रश्श्यातले पावाचे तीन गोळे खाल्ले आणि मग सांगितलं. येत्या जानेवारीत हिंटरएगची गाडी उतरली नाही, तर ती न उतरल्याची विसावी वेळ होईल. वीस झाल्या की गावच्या कोठाराच्या तुळईवरून घराचं नाव तासून काढतात.

"ज्या वर्षी बर्फच नव्हतं ती वर्षं?"

"तीही धरलीत. सगळ्यांचीच धरलीत, माझ्या घराचीसुद्धा."

"आणि जागा कुणाला?"

त्याने अस्वलाच्या डोक्याकडे बघितलं. "चर्चजवळच्या हॉटेलने अर्ज केलाय. त्यांचं घर चाळीस वर्षांचं झालं. नियमात बसतं."

तू ग्राझला राहून सगळं विसरली असशील, म्हणून लिहिते. तीन राजांच्या सणानंतरच्या, म्हणजे ६ जानेवारीनंतरच्या, रविवारी प्रत्येक जुन्या घराने आपल्या उंच कुरणातलं, आपल्या हाताने कापलेलं गवत आपल्या शिंगांच्या घसरगाडीवर बांधून खाली आणायचं. गाडीवर दोघं. एक पुढे, लाकडी शिंगं धरून वळवायला. एक मागे, गाडीखाली साखळी टाकून वेग मारायला. दोघंही त्याच छपराखाली जन्मलेले हवेत. सून चालत नाही, जावई चालत नाही, इस्पितळात जन्मलेलं मूल चालत नाही. वेगाला बक्षीस नाही. भारा वर तोलतात, खाली तोलतात, आणि ज्याचं गवत वाटेत कमी सांडलं तो जिंकला. आपल्या आजोबांच्या काळी सांडलेलं गवत म्हणजे मार्चमध्ये उपाशी गाय, म्हणून हा नियम.

हिंटरएगच्या छपराखाली जन्मलेली दोनच माणसं जिवंत आहेत. एक हे पत्र लिहिते आहे.

तुळईवर आपलं नाव १७८८ पासून आहे. त्या जागी हॉटेलचं नाव आलं, तर मी त्या कोठाराखालून जाणार नाही, आणि चर्चला जायला दुसरी वाट नाही. म्हणजे माझ्या आत्म्याचीही जबाबदारी तुझ्यावर येते.

ईस्टरपर्यंत लेखी उत्तर हवं. हो किंवा नाही.

नोटबुर्गा

ता. क. एंगेलबर्ट जाताना अस्वलाचं डोकं इथेच विसरला. न्यायला येईन म्हणाला आहे.

&nbsp;

हिंटरएग
बुधवार, २३ एप्रिल २०२५

क्रेसेन्स,

ईस्टर झाला. पत्र नाही. मात्र तू विन्त्सेन्झला टेलिफोन केलास आणि विचारलंस, "त्यांची घसरगाडी अजून जिवंत आहे का?"

"त्यांची" म्हणजे कुणाची?

विन्त्सेन्झ शिडी घेऊन आला. मी म्हटलं, "माझ्या माडीवर काय शोधतोस?" तो म्हणाला, "ग्राझचं काम आहे, बुर्गी. तू खालून शिडी धर आणि गप्प बस." शिडी धरली. गप्प बसले नाही.

घसरगाडी जिवंत आहे. मी दर शरदात तिच्या तळाच्या धावपट्ट्यांना चरबी लावते. का लावते, हे विचारू नकोस. उजवं शिंग त्या दिवशी फुटलं होतं, ते सांधून घेतलं आहे.

आता तो दिवस निघालाच आहे तर माझी बाजू नोंदवून ठेवते. रविवार, ८ जानेवारी २००६, दुपारी सव्वा वाजता, मेरीमातेच्या देवळीजवळचं वळण. मी पुढे, तू मागे. तू साखळी उशिरा टाकलीस. गाडी फादरांच्या आलुबुखारांच्या बागेत उलटली. गवत झाडांवर चढलं आणि फादर खिडकीतून ओरडले, "देवा, फुलं आली!" तुझा पाय मोडला. हे वाईट झालं, मी ते तेव्हाही म्हटलं होतं. स्ट्रेचर आणायला माणसं धावलीच होती. मी दाताळ्याने गवत गोळा केलं आणि काट्यावर नेलं, कारण मागची गाडी पोचायच्या आत भारा तोलला नाही तर घरापुढे शून्य लागतं. एकशे बारा किलोंपैकी एक्केचाळीस. वहीत तशी नोंद आहे.

यात माझं काय चुकलं, ते लेखी कळव. ३१ मे.

नोटबुर्गा

&nbsp;

हिंटरएग
मंगळवार, १२ ऑगस्ट २०२५

झेन्झे,

बुधवारी, ६ ऑगस्टला सकाळी अकरा वाजता तू कुरणावर उगवलीस, तेव्हा माझ्या हातात विळा होता आणि पायाखाली उतार, म्हणून मला नीट ओरडता आलं नाही. ते आता ओरडते. (हो, पुन्हा झेन्झे. क्रेसेन्स म्हणून नीट ओरडता येत नाही.)

ना पत्र, ना निरोप! तीन तासांची चढण. आणि बरोबर तुझा तो दंतवैद्य, दुकानातून त्याच दिवशी बाहेर काढलेले बूट घालून. मला आधी त्याचंच डोकं दिसलं, उकडलेल्या बिटासारखं. मला वाटलं, वाट चुकलेला कुणी पाहुणा आहे.

"ताई," ओत्मार म्हणाला, "पाणी आहे का? नसेल तर पाद्री बोलवा."

आणि तू मागून आलीस, दोन काठ्या टेकत, आणि माझ्याकडे न बघता माझ्या हाताकडे बघितलंस.

"विळा असा धरतात?"

एकोणीस वर्षांतलं समोरासमोरचं पहिलं वाक्य!

"असाच धरतात."

"आईने असा धरला असता तर आपण उपाशी मेलो असतो. आण इकडे."

तू विळा घेतलास, धारेचा दगड थुंकीने ओला केलास आणि कापायला लागलीस. ग्राझच्या दंतवैद्याची बायको, नखांना रंग लावलेली! पहिल्या दहा हातांत तुझी रांग वाकडी होती. त्यानंतर नव्हती. मला राग आला, कारण माझी होती.

जे घडलं ते तुला माहीत आहे, तू तिथेच होतीस. तरी लिहिते, कारण मला परत वाचायचं आहे. बुधवारी वरचा पट्टा झाला. ओत्मारला दाताळं दिलं, तर त्याने गवताचा ढीग केला, त्यावर टेकून बघितलं आणि झोपला. आपण त्याच्या अंगावर गवत टाकत गेलो. तो उठला तेव्हा फक्त चष्मा बाहेर होता. गुरुवारी पाऊस म्हणून झोपडीत बसलो आणि तू अंड्याचा गोड चुरा केलास, तो करपला आणि आपण तो कढईतूनच खाल्ला. तेव्हा मी विचारलं.

"फेब्रुवारीत वर का नाही बघितलंस?"

"वर बघितलं असतं तर पडले असते," तू म्हणालीस. "एकोणीस वर्षं त्या गुडघ्यावर स्की बांधली नव्हती. मला बघायचं होतं, जमतंय का. आणि तिथेच बघायचं होतं. पडले असते तर तू बाल्कनीतून मार्क दिले असतेस."

"दिलेच असते."

"मग? किती?"

"दहापैकी सात."

"सातच?"

"कोपर."

तू कढईतला चमचा माझ्यावर फेकलास. ओत्मार म्हणाला, "ही ग्राझला कधीच काही फेकत नाही." मी म्हटलं, "म्हणून तिथे तिची तब्येत बरी नसते."

शुक्रवारी आपण गवत आत घेतलं. भारे तू बांधलेस. त्या गाठी अजून कुणाला जमत नाहीत, एंगेलबर्टलाही नाही. तू म्हणालीस, "एंगेलबर्टचं नाव फार येतं तुझ्या तोंडात." मी म्हटलं, "तो अध्यक्ष आहे." तू म्हणालीस, "हो का."

आणि शेवटच्या भाऱ्यावर मी विचारलं, "मग जानेवारीत येतेस ना?"

तू दोर ओढलास, गाठ मारलीस, आणि उद्या ऊन पडेल म्हणावं अशा आवाजात म्हणालीस, "तू आधी गवत तोललंस, बुर्गे."

मी नियमाचं काही तरी बोलायला लागले.

"नियम मला पाठ आहे. मी बर्फात पडले होते. पाय उलटा झालेला. मी तुला हाक मारली. आणि मला दिसत काय होतं? तुझी पाठ. आणि दाताळं."

मग तू पिशवी उचललीस आणि उतरायला लागलीस. काठ्या न टेकता. ओत्मार मागे राहिला, त्याच्या बुटाचा बंद सुटला होता, किंवा त्याने सोडला होता. म्हणाला, "ताई, तिच्या गुडघ्यात दोन स्क्रू आहेत. त्या गुडघ्याबद्दल ती चकार शब्द बोलत नाही. गवताबद्दल बोलते."

तर माझा प्रश्न होता, येतेस की नाही. त्याचं उत्तर हे नव्हे. ३१ ऑगस्टपर्यंत लेखी कळव.

ते तीन दिवस फार छान गेले. हे कुणाला सांगू नकोस.

बुर्गी

&nbsp;

हिंटरएग
मृतात्म्यांचा दिवस, २ नोव्हेंबर २०२५

झेन्झे,

आईबाबांच्या थडग्यावर मेणबत्ती लावून आले. तुझ्या वतीनेही एक लावली. बाजूला उंटरवाल्डच्या माणसांची थडगी आहेत. तिथे एंगेलबर्ट बायकोच्या दगडावरचं शेवाळ ब्रशने घासत होता. मी त्याला विचारलं, त्या दिवशी माझ्या मागची गाडी तुझीच होती ना.

"होय."

"माझी गाडी का उलटली?"

त्याने ब्रश खाली ठेवला. "एकोणीस वर्षं मी वाट बघतोय, तू कधी विचारतेस त्याची. तू मागे वळून बघितलंस, बुर्गी. वळणावर. बहिणीने साखळी वेळेवर टाकली होती. मला ती स्पष्ट दिसली. शिंगंच वळली नाहीत."

हे मला माहीत होतं. मी तुला एप्रिलमध्ये जे लिहिलं ते खोटं होतं, आणि लिहितानाही माहीत होतं. मी मागे बघितलं. तो किती मागे आहे ते बघितलं. पन्नास वर्षांची बाई होते, पंधरा वर्षांची नव्हते.

आणि तुझी हाकही ऐकली होती.

मी तुझा पाय बघितला. तो ज्या दिशेला होता त्या दिशेला पाय नसतो. कुणीतरी खालून ओरडलं, "हिंटरएग शून्य!" आणि मला तुझ्या पायाचं काही करता येत नव्हतं, गवताचं करता येत होतं. म्हणून मी गवताकडे गेले. काट्यावरच्या माणसाने विचारलं, "झेन्झी कशी आहे?" आणि मी म्हटलं, "आधी तोल."

तिसऱ्या दिवशी इस्पितळात आले होते. दुपारी चारला. तुझ्या खोलीच्या बाहेर कॉफीचं यंत्र आहे, तिथपर्यंत आले. एक कॉफी घेतली. ती इतकी वाईट होती की ती संपवायला वीस मिनिटं लागली, आणि तोवर भेटीची वेळ संपली, असं मी स्वतःला सांगितलं. वेळ सहापर्यंत असते.

मी मागाहून आले असते. मग तू ग्राझला गेलीस, आणि दर वर्षी ते आणखी एक वर्ष मागाहून झालं.

मला क्षमा कर, असं लिहायला सिस्टर अडेलगुंडेंनी आपल्याला चार प्रकारचे मायने शिकवले होते. एकही आठवत नाही. माझं चुकलं, झेन्झे. तुझ्याकडे आधी यायला हवं होतं.

या पत्राला मुदत नाही.

बुर्गी

&nbsp;

हिंटरएग
सोमवार, २९ डिसेंबर २०२५

झेन्झे,

तुझं नाताळचं पार्सल मिळालं. या वेळी कागद असेल म्हणून मी ते चाकूने अगदी जपून उघडलं. आत एक एक्स-रे!

तुझा डावा गुडघा, दोन स्क्रू, आणि कोपऱ्यात कुणा डॉक्टरच्या अक्षरात: "खेळ, चढण, उतरण: हरकत नाही." खाली ओत्मारच्या अक्षरात: "दातही उत्तम आहेत."

मी तो खिडकीच्या काचेला लावला आहे. सकाळी त्यातून ऊन येतं. या आठवड्यातली पाहुणी, स्टुटगार्टची, म्हणाली, "किती सुंदर, हे स्थानिक कलाकाराचं का?" मी म्हटलं, "हो, तिचं बरंचसं काम ग्राझला आहे."

मी तीनदा हसले आणि एकदा रडले, आणि मग चिडले, कारण दहा महिन्यांत तू मला तेल पाठवलंस, विन्त्सेन्झ पाठवलास, स्वतः आलीस, हाड पाठवलंस. पण एक ओळ लिहिली नाहीस. तुला लिहिता येतं. कॉन्व्हेंटमध्ये सुंदर अक्षराचा फीत-बिल्ला तुला मिळायचा, मला नाही. आज तो मुद्दा केवळ रागाचा राहिलेला नाही, ते सांगते.

काल एंगेलबर्ट आला. कामाने. (शेपूट नव्हती. नवा सदरा होता. तू काही बोलू नकोस.) मंडळाचा अर्ज घेऊन आला. त्याच्यावर दोघांच्या सह्या हव्यात, आणि तो सोमवारी, ५ जानेवारीला दुपारी बारा वाजता पेटीत पडायला हवा. हॉटेलवाल्यांनी आपला अर्ज आधीच भरून ठेवला आहे. त्यांनी गाडीही विकत आणली, वार्निश लावलेली, इतकी चकचकीत की तिच्यात तोंड बघून दाढी करावी.

अर्जावर दोन रकाने आहेत. पुढे आणि मागे.

एंगेलबर्टने पेन दिलं. मी "मागे"च्या खाली सही केली.

तो म्हणाला, "चुकलीस. तू पुढे बसतेस. चाळीस वर्षांत हिंटरएगची पुढची तूच."

"चुकले नाही."

"बुर्गी, साखळी टाकणाऱ्याला वाट दिसत नाही. समोर भारा असतो. पुढचा ज्या बाजूला नेईल त्या बाजूला जायचं."

"मला माहीत आहे मागे काय दिसतं. भाऱ्याआडून बहिणीची पाठ दिसते. बघू दे आता मला."

त्याने पेन खिशात ठेवलं. मग त्याने त्याच्या टोपीतून एक घडी काढली, हॉटेलवाल्यांच्या अर्जाची प्रत, आणि म्हणाला, "हा मी बारा वाजून एक मिनिटापर्यंत उघडणार नाही. पण त्यानंतर उघडावा लागेल. मी अध्यक्ष आहे."

तेव्हा आता नीट ऐक.

गवत वर आहे, तुझ्या गाठींसकट. मी त्यांना हात लावलेला नाही. घसरगाडी काल विन्त्सेन्झने आणि मी खाली उतरवली. धावपट्ट्या मी घासल्या, साखळी तेलात बुडवून ठेवली आहे (तुझ्याच तेलात, दुसरं नव्हतं, ओत्मारला सांगू नकोस). बर्फ चांगलं पडलं आहे, खाली घट्ट आणि वर तांदळाच्या पिठासारखं, तू म्हणायचीस तसं. उतरण रविवारी, ११ जानेवारीला, सकाळी दहाला सुरू. आपला नंबर सातवा. उंटरवाल्ड आपल्या मागे, आठवा. त्याच्याकडे वळून बघून गाडी उलटवायची तर ती पुढचीलाच उलटवता येते, आणि पुढे तू आहेस, म्हणून मी निश्चिंत आहे.

देवळीच्या वळणावर गाडी उलटलीच, तर उलटू दे. भारा सांडला तर गावाच्या गाई खातील. काट्याकडे मी जाणार नाही. घरापुढे शून्य लागलं तर लागू दे. शून्य ही सुद्धा नोंद असते. नाव तासायला घर उतरलं नाही असं म्हणावं लागतं, आणि उतरलो नाही असं म्हणायची कुणाची हिंमत होणार नाही, विशेषतः आपण दोघी एकमेकींच्या अंगावर पडून ओरडत असताना.

खोली तुझी तीच आहे. ओत्मारला स्टुटगार्टच्या बाईची खोली देते, ती शनिवारी जाते आहे. तो खाली वजनकाट्यापाशी उभा राहून चहाचा थर्मास धरेल. त्याला मी एक काम देणार आहे: गाडी दिसली की आधी गाडीकडे धावायचं.

आता अट. "पुढे"चा रकाना रिकामा आहे. तो मी तुझ्या वतीने भरू शकत नाही, फोनवरून भरता येत नाही, आणि एंगेलबर्टला कितीही गोळे खायला घातले तरी तो हलत नाही, मी प्रयत्न केला. मला तुझ्या हातची सही हवी, त्या सुंदर अक्षरात, पूर्ण नाव, घराच्या नावासकट. सोमवार, ५ जानेवारी २०२६, दुपारी बाराच्या आत.

आणि नाताळात पोस्टाचा भरवसा नाही. तेव्हा उत्तर लेखीच हवं, पण ते तू स्वतः आणून द्यायचं.

तुझी बहीण
बुर्गी